‘नोकरी सोडून’ नव्हे, नोकरी करून

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागल्याच्या मागल्या रविवारी आपल्या पुरवणीत पान तीनवर माझ्यावर लेख आला. मथळा होता, ‘लाखाची नोकरी सोडून ती भाजते कॉफी’. लेख कौतुकाचा होता. लिहिणारी मुलगी दोनदा शेडवर आली, मन लावून ऐकलं, वहीत टिपून घेतलं. त्या दिवशी आईला कोपऱ्यावर भाजी आणायला जायला-यायला तासभर लागला, इतक्या बायकांनी तिला अडवलं. त्याबद्दल आभार मानते.

पण मी माझी सॉफ्टवेअरची नोकरी सोडलेली नाही.

सोमवारी दुपारी दीडला मी रोजच्यासारखी लॉगिन झाले, तेव्हा टीममधल्या पुण्याच्या सहकाऱ्यानं विचारलं, ‘अगं, राजीनामा कधी दिलास? आम्हाला पेढे नाहीत, पार्टी नाही.’ तो हसत होता. संध्याकाळी मनुष्यबळ विभागाकडून मेल आली, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माझ्या करारात जोडधंद्याची लेखी परवानगी आहे. ती शोधून, जोडून, ‘वर्तमानपत्रातील मजकूर चुकीचा आहे’ असं लिहून पाठवावं लागलं. आमचं काम युरोपातल्या लोकांसाठी चालतं, म्हणून माझी पाळी दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. सकाळ मोकळी असते आणि त्या मोकळ्या सकाळीच ही कॉफी होते.

एवढंच असतं तर दोन ओळींची दुरुस्ती मागितली असती. पण बुधवारी एक फोन आला. इचलकरंजीचा मुलगा, वय सव्वीस-सत्तावीस असेल, कोल्हापुरातच एका कंपनीत सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो. म्हणाला, ‘मॅडम, लेख वाचला. सोमवारी पेपर टाकतोय, राजीनामा देतोय. आई नको म्हणत होती, तिला तुमचा लेख वाचून दाखवला.’

माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आधी मंगळवारी सकाळी सहाला उद्यमनगरात ये, मग काय टाकायचं ते टाक. तो आला. ते शेवटी सांगते. आधी लेखात जे राहिलं, ते.

शेड माझी नाही, अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, ऑइल इंजिनचे सुटे भाग करायचे. अण्णा गेले तेव्हा मी पुण्यात होते, बारा वर्षं तिथंच नोकरी झाली होती. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झालं तशी कोल्हापूरला आले आणि परत गेले नाही. शेडमध्ये दोन लेथ, एक ड्रिल आणि एक मिस्त्री शिल्लक होते. मिस्त्री म्हणजे अण्णांच्या हाताखाली तीस वर्षं काढलेले टर्नर. मी फ्रॉकमध्ये शेडवर जायची तेव्हापासून ते मला पोरी म्हणतात. रागावले की म्याडम.

कॉफी भाजायचं यंत्र बंगळूरच्या एका बंद पडलेल्या कॅफेतून जुनं घेतलं. पाच किलोचा ड्रम, खाली गॅसचा बर्नर. ट्रकातून उतरवलं आणि हातानं ड्रम फिरवला तर आतून असा आवाज आला की मिस्त्रींनी कानावर हात ठेवला. बेअरिंग गेलेलं. तापलेल्या शाफ्टवर साधं ग्रीस टिकत नाही, पातळ होऊन वाहून जातं आणि मग लोखंड लोखंडाला खातं. मिस्त्रींनी दोन दिवसांत अण्णांच्या लेथवर गनमेटलचं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, काढून बसवलं. आज पाचवं वर्ष, त्याच बुशवर ड्रम फिरतोय. लेखात ‘तिने जिद्दीने यंत्र उभे केले’ असं वाक्य आहे. माझी जिद्द एवढीच, की मी टॉर्च धरला होता.

आणि फोटो. आपल्या फोटोग्राफरनं मला गार करायच्या परातीशी उभं केलं, परातीच्या कडेवर लॅपटॉप ठेवायला लावला आणि शेजारी उभ्या मिस्त्रींना म्हणाला, ‘काका, जरा बाजूला व्हा, मागचं क्लीन पाहिजे.’ मिस्त्री बाजूला झाले. मी काही बोलले नाही. हे पत्र लिहायला बसले त्यात त्या गप्प बसण्याचा वाटा निम्मा आहे.

बरं, लॅपटॉप त्या जागी कधीच नसतो. कॉफीचा दाणा भाजताना त्याच्यावरचा पातळ पापुद्रा सुटतो. हिवाळ्यात शेंगदाण्याची टरफलं फुंकावीत तसा तो उडतो. यंत्र तो ओढून एका नळकांड्यात जमा करतं, तरी थोडा निसटतोच. माझा पहिला कीबोर्ड त्या कोंड्यानं मेला. आता लॅपटॉप काचेच्या केबिनमध्ये असतो आणि त्याची तार तेवढी बाहेर येते.

‘एका हाती कोड, एका हाती कॉफी’ अशी त्या फोटोखाली ओळ होती. दोन्ही एका वेळी करायचा प्रयत्न मी एकदाच केला आहे. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी सकाळी तातडीची मीटिंग लागली. म्हटलं, कानात इअरफोनचं बोंडूक घालू, ऐकू, आपला बोलायचा नंबर शेवटी आहे. दाणे ड्रममध्ये होते. कॉफीचा दाणा साधारण १९६ ते १९८ अंशांवर फुटतो, जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. हा पहिला तडाखा. तो कानानंच ऐकायचा असतो. माझ्या कानात त्या वेळी कुणीतरी पुढच्या तिमाहीचं नियोजन सांगत होतं. नंतर आणखी तापलं की दुसरा तडाखा येतो, तो बारीक असतो, तव्यावर तीळ तडतडल्यासारखा. तोही गेला. मी मान वर केली तेव्हा यंत्रातून निळसर धूर निघत होता आणि नळकांड्यातला कोंडा लाल झालेला दिसत होता.

मिस्त्रींनी आधी गॅस बंद केला, मग हवा बंद केली, मग माझ्या कानातलं बोंडूक काढून टेबलावर ठेवलं. याच क्रमानं. चार किलो कॉफीचा कोळसा झाला, आणखी काही झालं नाही. तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार सकाळी सहा ते नऊ माझा फोन आईकडे असतो. कंपनीला सांगून ठेवलंय. आईनं एकदा फोन उचलून आमच्या जर्मन साहेबाला ‘ती भट्टीवर आहे’ असं मराठीतच सांगितलं, त्याला ते कळलंही असावं, कारण त्यानं परत केला नाही.

आईचा ‘भट्टी’ हा शब्द मला आवडतो. लेखात माझ्यासाठी ‘कॉफी रोस्टर’ लिहिलं होतं, आई मला भडभुंजी म्हणते. लहानपणी आम्ही चुरमुरे-फुटाणे घ्यायला भडभुंज्याकडे जायचो. तापल्या वाळूत हरभरा टाकायचा, हलवायचा आणि फुटायला लागला की चाळणीत काढायचा. माझं काम याहून फार वेगळं नाही. वाळूऐवजी फिरता ड्रम आहे आणि त्याच्या पोटात तापमापकाची सळई आहे. आमच्याकडे गुऱ्हाळावर गुळव्या काकवीचा थेंब पाण्यात सोडून बोटांनी गोळी करून बघतो आणि ‘काढा’ म्हणतो. तो थर्मामीटर मागत नाही. मी मागते, कारण माझ्या बोटांना अजून ते येत नाही.

एक घाणा कसा जातो ते सांगते. ड्रम अर्धा-पाऊण तास तापवायचा. १९० ला आला की ४ किलो कच्चे दाणे सोडायचे. दाणे थंड, म्हणून आकडा सरसर खाली येतो, नव्वदीच्या आसपास, आणि दीड मिनिटाच्या सुमाराला वळतो. पहिली तीन-चार मिनिटं ओल्या गवताचा वास. पाचव्या मिनिटाला दाणे पिवळे पडतात आणि भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकल्यावर येतो तसा वास सुटतो. ही वेळ मला सगळ्यांत आवडते, कारण अजून काही बिघडलेलं नसतं. नवव्या मिनिटाला तडाखा. तिथून पुढचे दीड-दोन मिनिटं माझ्याशी कुणी बोलायचं नाही. वीस सेकंद इकडे-तिकडे झाले तरी चव बदलते. आधी काढले तर आंबट आणि कच्चट, उशिरा काढले तर कडू आणि सगळ्या कॉफ्या सारख्याच. मग परातीत ओतायचे, खालून पंखा, चार मिनिटांत हाताला गार. ४ किलो टाकलेले ३ किलो ४०० ग्रॅम भरतात. सहाशे ग्रॅम गेले कुठे, असं लेखिकेनं विचारलं होतं, पण उत्तर छापलं नाही. बरंचसं पाणी. कच्च्या दाण्यात १० ते १२ टक्के ओल असते. बाकीचा कोंडा आणि वायू. भाजलेला दाणा पुढे कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो, म्हणून पाकिटाला ते एका बाजूनं उघडणारं बटण लावतात. ते वास घ्यायला नसतं, तरी सगळे तिथं नाक लावतात. मीही लावते.

आता ते ‘एआयच्या मदतीने’. लेखाच्या चौथ्या परिच्छेदात मी ‘स्वतः विकसित केलेल्या एआय सॉफ्टवेअरद्वारे’ कॉफी भाजते असं आहे. तसं काही नाही. तापमानाचा आलेख काढायला आर्टिझन नावाचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे, पायथनमध्ये लिहिलेलं. जगभरचे छोटे भाजणारे ते वापरतात, मीही वापरते. माझा त्यात एक तुकडा आहे, सळईचं तापमान वाचून त्याला पुरवणारा. आणि त्याच्याबाहेर मी एक खतावणी लिहिली आहे: कुठलं पोतं, कुठला घाणा, किती घट, कुठल्या पाकिटावर कुठली भाजल्याची तारीख. या खतावणीत मी पहिल्या वर्षी वजनं किलोत, दशांश चिन्ह देऊन ठेवली होती. संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेपटाला कुठेतरी एक ४ चिकटतो. परिणाम असा, की पोतं रिकामं करून झटकून घडी घातली तरी माझा प्रोग्राम म्हणे, अजून शिल्लक आहे. सगळं ग्रॅममध्ये, पूर्णांकात लिहिलं तेव्हा थांबलं. चौदा वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं.

सळईची गोष्ट मात्र नीट सांगण्यासारखी आहे. ती सळई म्हणजे थर्मोकपल, दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारांचं टोक जोडलेलं. ते तापलं की वीज निघते, एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले ४१. एवढ्याशा कुजबुजीवरून आम्ही ठरवायचं की दाणा किती तापला. आणि नुसतं तापमान पुरत नाही, ते दर मिनिटाला किती चढतंय हे बघावं लागतं. तो चढ हळूहळू उतरत जायला हवा. माझा चढाचा आलेख मात्र कुणी तरी करवत ठेवल्यासारखा दिसायचा. वर-खाली, वर-खाली.

मी तीन रात्री जागले. सरासरी काढली, आधी पाच सेकंदांची, मग दहाची, मग पंधराची. आलेख गुळगुळीत झाला, बघायला देखणा. पण सरासरी जितकी लांब तितका आलेख उशिरा बोलतो. चढ पडलाय हे तो सांगेपर्यंत खरा दाणा पुढे निघून गेलेला. आठवडाभर माझी कॉफी भाजलेल्या ब्रेडसारखी, बिनचवीची लागत होती आणि पडद्यावर सगळं सुंदर होतं.

शेवटी एके दिवशी मिस्त्री यंत्रामागे गेले. मोटारीची केबल आणि सळईची तार मी एकाच पट्टीनं व्यवस्थित, सरळ, दर वीत अंतरावर आवळून बांधली होती. मला तिचा अभिमान होता. मिस्त्री म्हणाले, ‘पोरी, पिण्याचं पाणी आन् गटार एका पाइपातनं न्हेतंय का कोन?’ पकडीनं पट्ट्या कापल्या, सळईची तार वरून वेगळी फिरवली, अर्थिंगचा सैल बोल्ट आवळला. मोटारीच्या विजेचा गोंगाट सळईच्या कुजबुजीत मिसळायचा थांबला आणि करवत गेली. सरासरी मी परत तीन सेकंदांवर आणली.

लेखात मिस्त्रींचा उल्लेख ‘एक मदतनीस’ असा आहे.

त्यांना माझ्या दुसऱ्या धंद्याबद्दल कुतूहल आहे. एकदा विचारलं, तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांचं नि कॉफीचं काय लागतंय एवढं? मी त्यांना केंब्रिज विद्यापीठाची गोष्ट सांगितली. तिथल्या संगणक विभागात १९९१ मध्ये एका खोलीत सगळ्यांत मिळून कॉफीचं एकच भांडं होतं. लांबच्या खोल्यांतली, वरच्या मजल्यावरची माणसं जिने उतरून यायची आणि भांडं रिकामं. म्हणून त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र सगळ्यांच्या पडद्यावर दिसायची सोय केली. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि जगभरची माणसं त्या भांड्याकडे बघत बसली. इंटरनेटवरचा पहिला कॅमेरा तो हाच. २००१ मध्ये बंद केला आणि भांडं लिलावात तीन हजार पौंडांच्या वर गेलं. मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, ‘एक पोरगं ठेवलं असतं तर क्यामेरा लागला नसता.’

दुसरी गोष्ट बाबा बुदनची. मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून त्यांनी कॉफीच्या सात बिया दडवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. दरसाल जानेवारीत मी आणि मिस्त्री तिकडे जातो. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, मग कडूरहून आत. अरेबिका कॉफीची तोडणी तेव्हा उरकत आलेली असते, वाळवण अंगणात पसरलेलं असतं. मी बहुतेक ‘सिलेक्शन ७९५’ घेते. जिल्ह्यातल्याच बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राची ही जात, साधारण ऐंशी वर्षं जुनी, आणि अजून तिचा दबदबा आहे. मिस्त्रींना सात बियांची गोष्ट सांगितली तर म्हणाले, म्हणजे चोरूनच आणलं की. मळेवाल्यानं ते कन्नडमध्ये आपल्या बायकोला सांगितलं आणि तिनं मिस्त्रींना आणखी एक डोसा वाढला.

यावरून एक वस्तुस्थितीची चूक. ‘महाराष्ट्रात न पिकणारी कॉफी’ असं लेखात आहे. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीच्या बागा आहेत, इंग्रजांच्या काळापासून. पीक थोडं आहे, पण आहे. आणि ‘शुद्ध फिल्टर कॉफी’ या शब्दांबद्दल: बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच फिल्टर कॉफीत चिकोरी (एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ) असते आणि तसं असण्यात गुन्हा काही नाही. नियम एवढाच, की मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि चिकोरी किती ते पाकिटावर लिहायला हवं. माझी आई स्वतः चिकोरीवाली पिते, जायफळ किसून, भरपूर दूध घालून. माझी कॉफी तिला ‘पाणचट’ वाटते. आमच्या गावात दुधाच्या बाबतीत बोलायची माझी हिंमत नाही.

आता पैशांचं. ते लेखात कुठेच नव्हतं, आणि त्या मुलाला तेच माहीत नव्हतं.

समजा कच्ची कॉफी ६०० रुपये किलोनं घेतली. पंधरा टक्के घट धरली तर भाजलेला किलो ७०६ रुपयांना पडला, अजून गॅस पेटवायच्या आधी. त्यावर गॅस, पाकीट, बटण, कुरिअर, वीज, मिस्त्रींचा पगार, आणि जळलेले घाणे. मी एका वेळी पन्नास किलोची बारा पोती घेते, तीन महिन्यांची बेगमी. म्हणजे साडेतीन लाखांवर रक्कम एकदम बाहेर, आणि ती सुटी-सुटी, अडीचशे ग्रॅमच्या पाकिटांतून परत येते.

आणि भाव माझ्या हातात नाही, मळेवाल्याच्याही नाही. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतो, वजनाच्या एका पौंडाला सेंटमध्ये. ब्राझीलमध्ये पाऊस ओढला की उद्यमनगरात मला घाम फुटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला, म्हणजे किलोला जवळजवळ ८ डॉलर ८२ सेंट. मी रोज सकाळी भाव आणि डॉलरचा दर आणून रुपये-किलोत मांडणारा वीस ओळींचा प्रोग्राम लिहिलाय. त्या महिन्यात तो उघडायची भीती वाटायची. मळेवाल्याच्या घरात बऱ्याच वर्षांनी चार पैसे आले, त्याचा मला राग नाही, यायलाच हवे होते. पण मी बाराऐवजी सातच पोती घेऊ शकले. गिऱ्हाईक तोडायचं नव्हतं म्हणून पाकिटाची किंमतही सगळी वाढवली नाही. ते चार महिने शेडचा खर्च माझ्या पगारातून गेला. मिस्त्रींचा पगार एकदाही चुकला नाही, आणि तो कॉफीतून आला नव्हता.

गेल्या वर्षी कॉफीनं मला माझ्या पगाराचा आठवा हिस्सा मिळवून दिला. घराचा हप्ता, मुलाची फी, आईच्या गोळ्या सॉफ्टवेअरवर चालतात. हे मी आपल्या लेखिकेला सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘ताई, हे घेतलं तर स्टोरी बसत नाही.’ तिची चूक नाही, तिला तशीच स्टोरी मागितली असणार. पण दर दोन-चार महिन्यांनी अशी एक बसवलेली स्टोरी येते: कुणी बँक सोडून मशरूम लावतं, कुणी आयटी सोडून शेळ्या पाळतं, आणि त्यात बायकोचा पगार, सासऱ्याची जागा, वडिलांचा लेथ कधीच दिसत नाहीत. वाचणारा मुलगा इचलकरंजीत बसून आपल्या आईला ते वाचून दाखवतो.

मला नोकरी आवडतही नाही असं लेखावरून वाटतं, ‘कंटाळवाण्या स्क्रीनला रामराम’ वगैरे. मला माझं काम आवडतं. प्रोग्राम चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करता येतो, जुनी आवृत्ती परत आणता येते. दाणा एकदा तपकिरी झाला की परत हिरवा होत नाही. आठवड्यातून दोन सकाळी असं काहीतरी करावं असं मला वाटतं. पाच सकाळी करावं असं वाटत नाही. पाठ दुखते.

तर तो मुलगा. मंगळवारी पावणेसहालाच दारात उभा होता, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. मिस्त्रींनी त्याच्याकडे वरून खाली बघितलं आणि पोत्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं. पन्नास किलोचं पोतं वजनकाट्यापर्यंत नेताना त्याच्या शर्टाला तागाचे धागे चिकटले. मग त्याला निवडायला बसवलं. भाजायच्या आधी कच्च्या दाण्यांतले काळे, किडके, तुटके, शिंपल्यासारखे पोकळ दाणे वेगळे काढावे लागतात, गहू निवडतात तसे, ताटात घेऊन. यंत्रं असतात त्याला, पण आमच्याकडे ताट आहे. मी भट्टीवर होते. सहा घाणे झाले. मधूनमधून मी बघत होते, तो मान खाली घालून निवडत होता, आणि मिस्त्री त्याच्या ताटातून त्यानं चांगले म्हणून ठेवलेले दाणे एकेक करून परत बाहेर काढत होते.

नऊ वाजता मी त्याला केबिनमध्ये बसवून खतावणी उघडून दाखवली. सगळी. फेब्रुवारीसकट. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं खतावणीत एक चूक दाखवली: भाजल्याची तारीख कच्चा माल यायच्या आधीची टाकली तरी प्रोग्राम ती मुकाट्यानं घेत होता. टेस्टिंगवाला पोरगा शेवटी. मी दुपारी लॉगिन व्हायच्या आत ती दुरुस्त केली.

सव्वानऊला तो उठला, दहाची पाळी होती त्याची. त्या दिवशीच्या पहिल्या घाण्याचं पाकीट दिलं, चार दिवस उघडू नकोस म्हणून सांगितलं. पेपर टाकलास का, असं मी विचारलं नाही. गाडीला किक मारताना त्यानं मिस्त्रींना विचारलं, काका, शुक्रवारी येऊ का?

मिस्त्री म्हणाले, ‘ये की. पर जुना शर्ट घालून ये.’

शक्य असेल तर मिस्त्रींचा एक फोटो छापावा. सोबत पाठवते आहे. मागचं क्लीन नाही, लेथ दिसतोय.

आपली,
‘कोल्हापूरची कॉफीवाली’ (हे नाव आपलंच)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर